सबवूफर जोडलात, पण मुख्य स्पीकरमधला खोल बेस कापलात का?

सबवूफर, म्हणजे फक्त खोल बेस वाजवणारा वेगळा स्पीकर, घरी येतो. मागचा क्रॉसओव्हरचा, म्हणजे बेस कुठे विभागायचा ते ठरवणारा, नॉब ८० वर जातो, आवाज थोडा वाढतो आणि काम झालं असं समजून मंडळी सोफ्यावर जाऊन बसतात. काही दिवसांनी कुरबुर सुरू होते. बेस वाढला खरा, पण घुमतोय. गायकाचा आवाज बोदा झालाय. सब बंद केला की उलट बरं वाटतं.

बहुतेक वेळा कारण एकच असतं. तो नॉब फक्त सबला सांगतो की ८० हर्ट्झच्या वर जाऊ नकोस. मुख्य स्पीकरना तो काहीही सांगत नाही. ते आधी जे वाजवत होते तेच वाजवत राहतात. मग ४० ते ८० हर्ट्झचा पट्टा दोन ठिकाणांहून, वेगवेगळ्या अंतरांवरून आणि वेगवेगळ्या फेजमध्ये, म्हणजे लहरी एकमेकींच्या मागेपुढे होऊन, कानावर येतो. त्यात काही सूर फुगतात, काही गायब होतात.

सबला वरून कापतो तो लो-पास. स्पीकरना खालून कापतो तो हाय-पास. हा लेख हाय-पासचा आहे, आणि त्याहून जास्त तो क्रमाचा आहे. कारण फिल्टर लावणारेही बरेचदा आधी आवाज जुळवतात, मग फेज, आणि शेवटी फिल्टर. तसं केलं की आधीची दोन्ही कामं वाया जातात.

## आधी बघा: तुमच्याकडे कापलंय की नाही?

सब बंद करा आणि बेस गिटार असलेलं ओळखीचं गाणं लावा. मुख्य स्पीकरचा आवाज सब येण्याआधी होता तसाच भरदार वाटला, तर काहीच कापलेलं नाही. कापलेलं असेल तर गाणं पोकळ, पाय नसल्यासारखं वाटायला हवं.

खात्री करायची तर वूफरची, म्हणजे बेस वाजवणाऱ्या मोठ्या गोल भागाची, जाळी काढा आणि अगदी कमी आवाजात ३० हर्ट्झचा टोन सोडा. टॉर्च बाजूने तिरका धरला की कोनच्या (वूफरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) कडेवर सावली सरकताना दिसते. कान जवळजवळ काहीच ऐकत नाहीत, पण कोन मात्र आत-बाहेर धापा टाकतोय, असं दृश्य दिसलं की स्पीकर पूर्ण पट्टा वाजवतोय हे नक्की. आता आवाजाला हात न लावता १०० हर्ट्झचा टोन सोडा. आवाज स्पष्ट येतो, पण कोन हलताना दिसतही नाही.

हा फरक हाच हाय-पास लावण्यामागचा मुख्य हिशेब आहे. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरलं की कोनला चौपट हलावं लागतं. म्हणजे ८० हर्ट्झला जेवढी हालचाल, त्याच्या चौपट ४० ला आणि सोळापट २० ला. त्याच कोनला त्याच वेळी गायकाचा आवाजही वाजवायचा असतो. बोदेपणाचा मोठा वाटा इथून येतो.

सावधान: खालच्या वारंवारतेचा टोन कानाला कमी जाणवतो, म्हणून हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. जाऊ देऊ नका. लहान वूफर अशा टोनने काही सेकंदांत खराब होऊ शकतो. पोर्ट (हवेसाठी ठेवलेलं भोक) असलेल्या खोक्यात धोका आणखी मोठा, कारण पोर्टच्या ट्यूनिंगच्या खाली कोनला मागून हवेचा आधारच उरत नाही.

## टप्पा १: चार गोष्टी कागदावर लिहा

हात कामाला लावण्याआधी पुस्तिका उघडा आणि चार गोष्टी टिपून ठेवा.

स्पीकर खाली कुठपर्यंत जातो. पुस्तिकेतला −३ डेसिबलचा आकडा घ्या, म्हणजे जिथे आवाज ३ डेसिबलने घसरलेला असतो ती वारंवारता. नुसतं ‘४० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असं छापलं असेल तर सावध राहा. काही उत्पादक −६, तर काही −१० डेसिबलचा आकडा देतात, आणि तो अर्थातच जास्त देखणा दिसतो.

खोका बंद आहे की पोर्टचा. बंद खोक्याचा आवाज खाली उतरताना दर सप्तकाला साधारण १२ डेसिबलने घसरतो, पोर्टच्या खोक्याचा २४ ने. पुढे जुळवणीत याचा उपयोग होणार आहे.

सिग्नल तोडता येतो का. हाय-पास बसवायला व्हॉल्यूम नियंत्रण आणि पॉवर ॲम्प यांच्यामधली जागा लागते. एव्ही रिसीव्हरमध्ये, म्हणजे होम थिएटरच्या ॲम्पमध्ये, हे काम आतच होतं. स्टिरिओ ॲम्पच्या मागे ‘प्री-आउट’ (सिग्नल बाहेर) आणि ‘मेन-इन’ (सिग्नल परत आत) अशा सॉकेटच्या दोन जोड्या आहेत का ते बघा. काही ॲम्पमध्ये त्या धातूच्या छोट्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात.

सबला सिग्नल कुठून मिळतो. लाइन इनपुटमधून, की स्पीकरच्या वायरीतून? हा प्रश्न किरकोळ वाटतो. टप्पा ४ मध्ये कळेल की तो किरकोळ नाही.

ॲम्पवर ‘सब-आउट’ लिहिलेलं दिसलं म्हणून खूश होऊ नका. बऱ्याच स्टिरिओ ॲम्पचं सब-आउट म्हणजे डावा-उजवा एकत्र करून दिलेला सिग्नल, एवढंच. ते जोडल्याने मुख्य स्पीकरमधून काहीही कमी होत नाही. हा गैरसमज मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलाय.

## टप्पा २: तुमच्या उपकरणांना झेपेल तो मार्ग निवडा

एव्ही रिसीव्हर असेल तर विचार करायची गरजच नाही, त्याचंच बेस मॅनेजमेंट (स्पीकर आणि सबमध्ये बेस वाटून देण्याची सोय) वापरा. बाहेरून काही जोडू नका.

स्टिरिओ ॲम्पला प्री-आउट आणि मेन-इन असेल, किंवा प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प वेगळे असतील, तर मधे तीनपैकी एक गोष्ट बसवता येते: डीएसपी प्रोसेसर (सिग्नलवर डिजिटल प्रक्रिया करणारा डबा), सबमधलाच हाय-पास, किंवा एक साधा कपॅसिटर. माझी पसंती याच क्रमाने आहे. मिनीडीएसपीसारख्या दोन इनपुट आणि चार आउटपुटच्या छोट्या डब्यात वारंवारता, उतार, विलंब आणि पातळी सगळं हातात येतं. सबमधला हाय-पास बहुधा एकाच वारंवारतेला कायमचा बसवलेला असतो. तो तुमच्या स्पीकरला जुळला तर उत्तम, न जुळला तर इलाज नाही. कपॅसिटर हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात अडेल उपाय.

ॲम्पमध्ये तोडायची जागाच नसेल तर एक आडवाट आहे. स्रोत डीएसपीला जोडायचा, डीएसपीचे दोन आउटपुट ॲम्पला आणि तिसरा सबला द्यायचा. पण मग ॲम्पचा व्हॉल्यूम फिरवला की फक्त मुख्य स्पीकर कमी-जास्त होतील, सब तिथेच राहील. त्यामुळे ॲम्पचा नॉब एका खुणेवर कायमचा ठेवायचा आणि आवाज डीएसपीवरून किंवा स्रोतावरून कमी-जास्त करायचा. घरात तो नॉब फिरवणारं दुसरं कुणी असेल, तर या वाटेला जाऊ नका.

काय करू नका: स्पीकरच्या वायरीत मोठा कपॅसिटर घालण्याचा सल्ला अनेकजण देतात. ८ ओमला ८० हर्ट्झचा हिशेब केला तर साधारण २५० मायक्रोफॅरड येतात. पण स्पीकर म्हणजे ८ ओमचा रेझिस्टर नव्हे. नेमक्या खालच्या पट्ट्यात त्याचा इंपिडन्स (विजेला होणारा विरोध) अनुनादापाशी कितीतरी पट वर चढतो. फिल्टर भलत्याच जागी लागतो आणि बेसला कुबड येतं.

## टप्पा ३: कुठे कापायचं ते ठरवा

८० हर्ट्झ हा आकडा हवेतून आलेला नाही. टीएचएक्स या सिनेमाच्या आवाजाच्या मानकात होम थिएटरसाठी तोच धरलेला आहे, आणि त्याच्या खाली आवाज नेमका कुठून येतोय हे कानाला सहसा सांगता येत नाही. सुरुवात तिथून करा, पण तो दगडावरची रेघ समजू नका.

माझा नियम: स्पीकरचा −३ डेसिबलचा आकडा घ्या आणि त्याच्या वर किमान अर्धं सप्तक, जमल्यास पूर्ण सप्तक सोडा. ४५ हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या स्पीकरला ८० अगदी छान. ६० पर्यंत जाणाऱ्या लहान बुकशेल्फला ९० ते १००. ८० लाच धापा टाकणाऱ्या छोट्या सॅटेलाइटला १२० लागेल, आणि मग सब समोरच, दोन स्पीकरच्या मधे ठेवावा लागेल. एवढ्या वरचा बेस कोपऱ्यातून आला की लगेच ओळखू येतो.

उलट बाजूची चूक मोठ्या, जमिनीवर उभ्या स्पीकरचे मालक करतात. ‘माझे स्पीकर ३५ पर्यंत जातात, मग ४० ला कापतो.’ असं केलं की स्पीकरची स्वतःची घसरण आणि फिल्टरची घसरण एकाच ठिकाणी एकावर एक पडतात, उतार कडक होतो आणि फेजची जुळवणी हातची जाते. शिवाय कोनची मेहनत फारशी वाचत नाही. त्यांनाही ६० किंवा ८० ला कापा. मन मोठं करा.

## टप्पा ४: फिल्टर लावा

### एव्ही रिसीव्हर असेल तर

१. स्पीकर सेटिंगमध्ये समोरचे, मधला आणि मागचे, सगळे स्पीकर ‘स्मॉल’ करा. हा शब्द आकाराबद्दल नाही. ‘स्मॉल’ म्हणजे खालचा बेस सबला पाठव, ‘लार्ज’ म्हणजे स्पीकरलाच वाजवू दे. चार फूट उंचीच्या स्पीकरला ‘स्मॉल’ म्हणायला जीव होत नाही, मला कळतं. तरी करा.

२. टप्पा ३ मध्ये ठरलेली वारंवारता भरा.

३. सबवूफर मोड ‘एलएफई’ (सिनेमातली खोल बेसची वेगळी वाहिनी) ठेवा. ‘एलएफई + मेन’ किंवा ‘डबल बेस’ नावाचा पर्याय ‘लार्ज’ स्पीकरचा बेस सबलाही देतो, म्हणजे ज्यातून सुटायचं तेच पुन्हा घडतं.

४. ‘एलएफईसाठी लो-पास’ अशी वेगळी ओळ असेल तर ती १२० हर्ट्झवर राहू द्या. ही ओळ म्हणजे क्रॉसओव्हर नव्हे. सिनेमाच्या वेगळ्या एलएफई वाहिनीत १२० पर्यंतचा मजकूर असू शकतो. ती ८० वर आणली की तेवढा भाग कुठूनच वाजणार नाही.

आपोआप होणाऱ्या कॅलिब्रेशननंतर हे सगळं पुन्हा तपासा. मायक्रोफोनला खोलीच्या कोपऱ्याचा फुगवटा दिसला की रिसीव्हर स्पीकरना खुशाल ‘लार्ज’ ठरवतो. कॅलिब्रेशनने दिलेली क्रॉसओव्हरची वारंवारता वर न्यायला हरकत नाही, पण खाली आणू नका. जिथे स्पीकर कमी पडतो असं मोजणीत दिसलं, तिथे त्याला ढकलण्यात अर्थ नसतो.

तपासणी: ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’ मोडमध्ये अनेक रिसीव्हर बेस मॅनेजमेंटच बाजूला ठेवतात. सगळी मेहनत करायची आणि गाणी मात्र त्याच मोडमध्ये ऐकायची, असं करणारे माझ्या ओळखीत दोघं आहेत.

### प्री-आउट आणि मेन-इन असेल तर

१. सगळी उपकरणं बंद करा आणि प्लग काढा. मग दोन मिनिटं थांबा.

हे मी पुस्तकी काळजी म्हणून सांगत नाही. एकदा ‘एकच पट्टी तर काढायची आहे’ म्हणून मी ॲम्प चालू ठेवून ती ओढली. पट्टी अर्धवट सुटली आणि स्पीकरमधून असा भयंकर गुरगुराट आला की पट्टी हातातून उडाली. वूफर वाचला तो नशिबाने.

२. पट्ट्या काढून पिशवीत घाला आणि पिशवी ॲम्पच्या पाठीलाच चिकटवा. परत लागतात तेव्हा त्या कधीच सापडत नाहीत.

३. प्री-आउटमधून डीएसपीच्या इनपुटला केबल द्या. आउटपुट १ आणि २ मेन-इनला, ३ सबला.

४. डीएसपीत १ आणि २ ला हाय-पास, ३ ला लो-पास द्या. दोन्हींची वारंवारता तीच ठेवा आणि सुरुवात दर सप्तकाला २४ डेसिबलच्या लिंकविट्झ-रायली उताराने करा. या उतारात क्रॉसओव्हरच्या बिंदूवर दोन्ही बाजू ६ डेसिबल खाली असतात आणि फेज जुळलेली असेल तर बेरीज सपाट येते.

५. चालू करताना ॲम्प सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी.

आता बंद खोक्याबद्दलची बारीक गोष्ट. बंद खोका ८० च्या आसपास स्वतःच १२ डेसिबलने घसरत असेल, तर त्याला १२ चाच हाय-पास द्या आणि सबला २४ चा लो-पास. स्पीकरचे १२ आणि फिल्टरचे १२ मिळून २४ होतात आणि दोन्ही बाजूंचा प्रत्यक्ष उतार सारखा येतो. बऱ्याच रिसीव्हरमध्ये १२ आणि २४ असे असमान उतार दिसतात, ते याच हिशेबाने.

सावधान: डीएसपी थेट पॉवर ॲम्पला जोडणार असाल आणि मधे व्हॉल्यूमच नसेल, तर पहिलाच आवाज पूर्ण ताकदीने येईल. आधी डीएसपीची आउटपुट पातळी खाली आणा, मग चालू करा.

### कपॅसिटरने करायचं असेल तर

यासाठी पॉवर ॲम्पचा इनपुट इंपिडन्स लागतो. हिशेब सोपा आहे: १५९ ला किलो-ओममधल्या इंपिडन्सने भागा, मग हर्ट्झमधल्या वारंवारतेने भागा. उत्तर मायक्रोफॅरडमध्ये येतं.

२० किलो-ओम आणि ८० हर्ट्झला ०.१ मायक्रोफॅरड. ४७ किलो-ओमला ०.०४२, म्हणजे बाजारातला ०.०४७ घेतला तर कापण्याची जागा ७२ हर्ट्झवर येते. १० किलो-ओमला ०.२. फिल्म प्रकारचा, ५ टक्के किंवा त्याहून कमी फरकाचा कपॅसिटर घ्या. चार-पाच घेऊन मीटरवर मोजा आणि एकमेकांना जुळणारी जोडी निवडा. डाव्या-उजव्यात फरक राहिला तर खालचा आवाज एका बाजूला कलतो.

तो केबलच्या आतल्या, म्हणजे सिग्नलच्या तारेत बसवायचा, जमिनीच्या (ग्राउंडच्या) नव्हे. आणि पॉवर ॲम्पच्या बाजूच्या प्लगपाशी. याचा उतार सप्तकाला फक्त ६ डेसिबल असतो, त्यामुळे ४० हर्ट्झला कोनची हालचाल निम्म्याहून थोडी कमी उरते, एवढंच. चमत्कार नाही, पण ॲम्पचा श्वास मोकळा होतो.

### सबच कोरडा पडला तर?

हे दोन प्रकारे होतं. पहिला प्रकार: प्री-आउटला वाय केबल लावली, एक शेंडी ॲम्पला आणि एक सबला, पण कपॅसिटर बसवला फाट्याच्या आधी. मग सबलाही कापलेलाच सिग्नल जातो. कपॅसिटर फाट्यानंतर, फक्त ॲम्पच्या शेंडीत हवा.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. सब स्पीकरच्या वायरीतून, म्हणजे ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवरून सिग्नल घेत असतो. तुम्ही हाय-पास लावता ॲम्पच्या आधी. टर्मिनलवर खालचा बेस पोहोचतच नाही आणि सब उपाशी राहतो. लोक मग सबचा आवाज वाढवत सुटतात. टप्पा १ मधला चौथा प्रश्न यासाठी होता. अशा वेळी सबला लाइन इनपुटवर न्या आणि त्याची केबल फिल्टरच्या आधीच्या बिंदूवरून घ्या.

काही सबमध्ये स्पीकरच्या वायरी आत येऊन पुन्हा बाहेर जाण्याची सोय असते. त्या बाहेरच्या टर्मिनलवर खरोखर फिल्टर असतो की वायर नुसतीच आरपार जाते, हे पुस्तिकेत बघा. दोन्ही प्रकारचे सब मिळतात.

## टप्पा ५: फक्त मुख्य स्पीकर वाजवून पाहा

सब बंद. सुरुवातीची ३० हर्ट्झची चाचणी त्याच आवाजात पुन्हा करा, टॉर्चसकट. १२ किंवा २४ डेसिबलचा फिल्टर असेल तर कोन शांत दिसायला हवा. नंतर तेच ओळखीचं गाणं. आता ते पोकळ वाटेल आणि तुम्हाला ‘अरेरे, काय करून बसलो’ असं वाटेल. बरोबर चाललंय.

दोन्ही स्पीकरच्या लाल-काळ्या तारा याच वेळी तपासून घ्या. एका स्पीकरची तार उलटी असेल तर पुढची फेजची जुळवणी कधीच बसणार नाही. या टप्प्यावर ती दोन मिनिटांत सापडते, नंतर दोन दिवस खाते.

## टप्पा ६: सबचा स्वतःचा नॉब बाजूला काढा

फिल्टरचं काम रिसीव्हर किंवा डीएसपी करत असेल तर सबचा क्रॉसओव्हर नॉब पूर्ण वर न्या, किंवा ‘एलएफई’ अथवा ‘बायपास’ बटण दाबा. नॉब ८० वर आणि रिसीव्हरही ८० वर ठेवला, तर दोन लो-पास एकामागे एक लागतात. नेमकं ८० च्या भोवती भोक पडतं आणि फेज आणखी वळते. ड्रमचा ठोका येतो, पण त्यातला जोर कुठेतरी हरवतो. ही तक्रार ऐकली की मी आधी सबच्या मागे वाकून नॉब बघतो.

कपॅसिटरचा मार्ग घेतला असेल तर मात्र सबचा नॉब हाच तुमचा लो-पास. तो ७० च्या आसपास ठेवून सुरुवात करा. समोरचा उतार सौम्य असल्यामुळे स्पीकर ८० च्या खालीही थोडे वाजत असतात, म्हणून सब जरा खाली कापावा लागतो.

## टप्पा ७: आता पातळी

एव्ही रिसीव्हरचा टेस्ट टोन किंवा पिंक नॉइज (सगळ्या वारंवारता एकत्र असलेला सळसळाट) लावा आणि बसायच्या जागेवर, कानाच्या उंचीला आवाज मोजणारा मीटर धरा. ७५ डेसिबल हा नेहमीचा संदर्भ. सब त्याच पातळीला आणा. तिथून २–३ डेसिबल वर नेणं ही आवडीची बाब आहे, पण ते शेवटी करा, आत्ता नाही.

फोनवरचं ॲप तुलनेपुरतं ठीक. खालच्या वारंवारतांना त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, कारण फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. शक्य असेल तर यूएमआयके-१ सारखा यूएसबी माइक आणि आरईडब्ल्यू हे आवाज मोजणारं मोफत सॉफ्टवेअर वापरा.

तपासणी: कॅलिब्रेशननंतर रिसीव्हरमध्ये सबची पातळी मर्यादेच्या टोकाला, म्हणजे −१२ सारख्या आकड्याला टेकलेली दिसली, तर तो आकडा खरा नसतो. त्याला अजून खाली जायचं होतं, पण जागा संपली. सबचा गेन कमी करा आणि मोजणी पुन्हा घ्या.

## टप्पा ८: फेज आणि विलंब

८० हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ४.३ मीटर. सब आणि स्पीकर यांच्या अंतरात २.१५ मीटरचा फरक पडला की दोघं एकमेकांच्या बरोबर उलट ढकलू लागतात. त्यात फिल्टरचा आणि सबमधल्या इलेक्ट्रॉनिक्सचा विलंब वेगळा. म्हणून रिसीव्हरने सबचं अंतर टेपच्या मापापेक्षा जास्त दाखवलं तर ते ‘दुरुस्त’ करू नका. ते अंतर मीटरमध्ये लिहिलेलं असलं तरी मोजलेला असतो तो वेळ.

हाताने जुळवायचं तर उलट बाजूने शोधा:

१. सबची पोलॅरिटी (प्लस-मायनसची दिशा) मुद्दाम उलटी, १८० वर करा.

२. क्रॉसओव्हरच्या वारंवारतेचा टोन कमी आवाजात सोडा. सब आणि मुख्य स्पीकर दोन्ही चालू.

३. स्वतः नेहमीच्या जागेवर बसा, दुसऱ्या कुणाला तरी फेजचा नॉब हळूहळू फिरवायला सांगा. डीएसपी असेल तर विलंब अर्ध्या मिलिसेकंदाने बदलत जा; १ मिलिसेकंद म्हणजे सुमारे ३४ सेंटिमीटर. उशीर बहुधा सबलाच झालेला असतो, त्यामुळे विलंब मुख्य स्पीकरना द्यावा लागतो.

४. आवाज सगळ्यात खाली पडेल ती जागा पकडा. काही वेळा तो इतका बुडतो की टोन बंद पडला असं वाटून माणूस उठून उभा राहतो, आणि उठल्याबरोबर आवाज परत येतो.

५. तिथेच थांबा आणि पोलॅरिटी सुलटी, शून्यावर आणा. आता त्याच जागी बेरीज सगळ्यात जास्त आहे.

सरळ ‘जास्तीत जास्त मोठा आवाज’ का शोधायचा नाही? कारण शिखर सपाट असतं, दोन मिलिसेकंद इकडेतिकडे झाले तरी कानाला फरक कळत नाही. खड्डा मात्र अरुंद आणि टोकदार असतो.

सावधान: खोलीमुळे आधीच तुमच्या जागेवर ८० हर्ट्झ बुडत असेल तर ही चाचणी फसवते. आधी फक्त सब, मग फक्त स्पीकर वाजवून दोन्ही वेळा टोन नीट ऐकू येतो ना, ते बघा. नसेल तर ७० किंवा ९० वर करा, किंवा खुर्ची अर्धा मीटर सरकवा.

## टप्पा ९: ऐका, आणि मगच इक्वलायझर

बेस गिटार सुरांच्या पायऱ्या उतरतेय अशी जागा शोधा आणि ती दहा वेळा ऐका. सगळे सूर सारख्या वजनाचे यायला हवेत. क्रॉसओव्हरजवळचे दोन-तीन सूर दबले असतील तर टप्पा ८ पुन्हा करा. याउलट एकच सूर दूर कुठेतरी, समजा ४० च्या आसपास, फुगत असेल तर दोष फिल्टरचा नाही, खोलीचा आहे. ४ मीटरच्या दोन भिंतींमधला पहिला अनुनाद साधारण ४३ हर्ट्झला पडतो. सब हलवा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर इक्वलायझरने तो उंचवटा कमी करा. खड्डे भरायला जाऊ नका. दोन लहरी एकमेकींना खोडतात त्या जागी कितीही ताकद ओतली तरी खोडणारी लहरही तेवढीच मोठी होते, आणि मधल्या मधे ॲम्प दमतो.

## कापू नये असंही कधी असतं

कमी आवाजात ऐकणारे, मोठे स्पीकर, तोडता न येणारा ॲम्प आणि डीएसपीची आडवाट नको: अशा घरी मी हाय-पासचा हट्ट धरत नाही. स्पीकर नैसर्गिकपणे जिथे संपतात तिथे, म्हणजे ४० किंवा ४५ हर्ट्झला सबचा लो-पास आणायचा, पातळी कमी ठेवायची आणि टप्पा ८ तेवढा नीट करायचा. कोनची मेहनत कमी होत नाही, पण दोघांचं एकमेकांवर चढणं आटोक्यात राहतं.

पोर्टवाल्या स्पीकरबरोबर फोमची बोळी आली असेल तर ती इथेही आणि हाय-पासबरोबरही घालून बघा. पोर्ट बंद झाला की खोक्याची घसरण सौम्य होते आणि सबशी जुळवणं सोपं जातं. बोळी घातल्यावर स्पीकर थोडा आधी, म्हणजे थोड्या वरच्या वारंवारतेला संपतो. त्यामुळे टप्पा ३ चा आकडा पुन्हा काढा आणि टप्पा ७ व ८ पुन्हा करा.